०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३०, ५डब्ल्यू-४०: गरम इंजिनात ऑइल नक्की किती घट्ट राहतं? (एचटीएचएस)

विदर्भी_वारा

मंडळी, गाडी १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, टर्बो नाही, २०२१चं मॉडेल. आजवर सर्व्हिस सेंटरवाले ०डब्ल्यू-२० घालत आले. वॉरंटी संपली, म्हणून आता घराजवळच्या गॅरेजात देतोय. तिथला मिस्त्री म्हणतो, "भाऊ, नागपूरच्या उन्हात हे पाणी टाकता काय? २०डब्ल्यू-५० टाका, नाहीतर निदान १५डब्ल्यू-४० तरी."

मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२०ला पहिली पसंती आहे, खाली ५डब्ल्यू-३० पण चालेल असं दिलंय. म्हटलं मधला मार्ग काढू. दुकानात गेलो तर एकाच कंपनीचे ५डब्ल्यू-३०चे दोन डबे. एकावर दर्जाच्या खुणा एपीआय एसपी आणि आयएलसॅक जीएफ-६ए, दुसऱ्यावर एसीईए (युरोपचं मानक) ए३/बी४. किमतीत चांगलाच फरक. दुकानदार म्हणे, दोन्ही सेम, स्वस्तातलं घ्या. घरी येऊन शोधलं तर लोक एचटीएचएस नावाच्या कुठल्या आकड्यावरून भांडताहेत, एकात ३.०, दुसऱ्यात ३.५. डब्यावर तर असं काहीच छापलेलं नाही.

हा आकडा सांगतो काय, आणि पारा ४५ला गेल्यावर ०डब्ल्यू-२०ने खरंच काही होतं का? जाणकारांनी सांगावं.

शंकासुर

मॅन्युअलमध्ये लिहिलंय ते घाला. धागा संपला. :)

गॅरेजवाले_काका

शंकासुर, एवढ्यात संपवू नका. आणि त्या मिस्त्रीला पण लगेच येड्यात काढू नका. आम्ही ज्या गाड्यांवर हात बसवला त्यांच्यात २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० हेच जायचं, त्याच्याआधी तर साधं ४० नंबर. इंजिनं ऑइल प्यायची, बेअरिंगमध्ये फट जास्त असायची, घट्ट ऑइल घातलं की टॅपेटचा आवाज कमी आणि गेजवर प्रेशर वर. गिऱ्हाईक खूष. ती सवय हाडात आहे.

पण आता खोललेल्या नव्या इंजिनात वेगळंच दिसतंय. व्हीव्हीटीचा (व्हॉल्व्ह उघडायची वेळ मागेपुढे करणारी यंत्रणा) सोलेनॉइड, त्याची बारकी जाळी, टायमिंग चेनचा हायड्रॉलिक टेन्शनर, हे सगळं ऑइलच्याच प्रेशरवर चालतं. तिथं २०डब्ल्यू-५० घालून आलेल्या गाड्या सकाळी स्टार्ट केल्या की चेनचा खडखड आवाज, आणि चेक इंजिनचा दिवा. ऑइल बदललं की दिवा गेला, असं बघितलंय मी. आणि प्रेशर जास्त म्हणजे ऑइल जास्त पोचतंय असं नसतं हो. घट्ट ऑइल ढकलायला जोर लागतो म्हणून गेज वर जातो.

एचटीएचएसचं मात्र शिकलेल्या माणसानं सांगावं. नट_बोल्ट कुठं आहेत?

नट_बोल्ट

आलो काका. इंजिन टेस्टिंगमध्येच पोट भरतो, त्यामुळे पोस्ट लांबणार, चहा घेऊन बसा.

आधी डब्यावरच्या आकड्यांचं बघू. एसएई जे३०० नावाचं मानक आहे, ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० ही नावं त्यातूनच येतात. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा. उदाहरणार्थ, ०डब्ल्यूची चाचणी उणे ३५ अंशांवर, १५डब्ल्यूची उणे २० अंशांवर. नागपूरकरांनी त्याची फार काळजी करू नये. शेवटचा आकडा गरम ऑइलचा, आणि तो दोन चाचण्यांवर ठरतो. लोकांना पहिलीच माहीत असते.

पहिली चाचणी १०० अंशांवर. काचेच्या बारीक नळीतून ऑइल स्वतःच्या वजनाने खाली उतरू देतात आणि वेळ मोजतात. उत्तर सेंटीस्टोकमध्ये. २० ग्रेडला ६.९ ते ९.३, ३०ला ९.३ ते १२.५, ४०ला १२.५ ते १६.३, ५०ला १६.३ ते २१.९. इथे ऑइलला कुणी घाई करत नाही, ते निवांत ओघळतं.

बेअरिंगमध्ये ऑइल निवांत नसतं. हिशोब करून बघा. क्रँकशाफ्टचा जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) ४५ मिलिमीटर व्यासाचा धरा. ४००० आरपीएमला त्याचा पृष्ठभाग सेकंदाला साधारण ९.४ मीटर वेगाने पळतो. समोरचं बेअरिंग स्थिर. मध्ये ऑइलचा थर १० मायक्रॉनचा. एका बाजूला शून्य वेग, दुसऱ्या बाजूला ९.४ मीटर, आणि अंतर मिलिमीटरचा शंभरावा भाग. भागाकार केला की शिअर रेट (ऑइलचे थर एकमेकांवर किती जोरात घसरतात ते) येतो सेकंदाला ९ लाख ४० हजार, म्हणजे जवळजवळ दहा लाख. दुसरी चाचणी नेमकी हीच स्थिती उभी करते: तापमान १५० अंश, शिअर रेट सेकंदाला दहा लाख. हाय टेम्परेचर हाय शिअर, म्हणून एचटीएचएस. उत्तर मिलिपास्कल-सेकंदात येतं, जुनी मंडळी त्यालाच सेंटीपॉइज म्हणतात.

जे३००मध्ये याची किमान मर्यादा अशी:

१६ ग्रेड – २.३
२० ग्रेड – २.६
३० ग्रेड – २.९
४० ग्रेड – ०डब्ल्यू, ५डब्ल्यू, १०डब्ल्यू असेल तर ३.५, १५डब्ल्यू, २०डब्ल्यू असेल तर ३.७
५० आणि ६० – ३.७

हे फक्त 'किमान' आहे, कमाल मर्यादा नाही. सगळी गंमत तिथेच आहे. ३० ग्रेडचं ऑइल ३.० असू शकतं, ३.५ असू शकतं, थोडं वरही असू शकतं, आणि डब्यावर तिन्ही वेळा ५डब्ल्यू-३०च छापलेलं असतं. दुकानदाराचं 'दोन्ही सेम' इथे खोटं पडतं.

इंदुमती_क

नट_बोल्ट, सुंदर समजावलंत. पण ३.५ मिलिपास्कल-सेकंद म्हणजे डोळ्यांपुढे काय आणायचं?

नट_बोल्ट

घरातल्या तापमानाला पाणी साधारण १, दूध साधारण २. म्हणजे १५० अंशांवर, जोराच्या घर्षणात, आपलं २० ग्रेडचं ऑइल दुधापेक्षा जरासंच घट्ट असतं. आणि ५डब्ल्यू-४०सुद्धा काही मध नसतो, ३.६-३.८च्या आसपास.

शंकासुर

बघा! दुधावर इंजिन चालवताय. मिस्त्री बरोबरच म्हणाला की.

नट_बोल्ट

शंकासुर, हा आकडा १५० अंशांचा आहे, हे विसरू नका. तुमच्या संपमधलं (इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं) ऑइल रोजच्या चालवण्यात ९५ ते ११० अंशांवर असतं. बेअरिंगमध्ये त्याहून गरम, पण १५०ला पोचायला बराच लोड लागतो. ०डब्ल्यू-२० घ्या, १०० अंशांवर समजा ८.३ सेंटीस्टोक. त्या तापमानाला त्याची घनता ०.७८ धरली तर होतात साधारण ६.५ मिलिपास्कल-सेकंद. शिअरमुळे थोडं कमी करा, तरी पाचाच्या वर राहील. १५डब्ल्यू-४०चा १५० अंशांवरचा एचटीएचएस असतो ४.१च्या आसपास. म्हणजे १०० अंशांवरचं 'पाणी' हे १५० अंशांवरच्या 'घट्ट' ऑइलपेक्षा घट्ट भरतं. ग्रेडपेक्षा तापमानाचा खेळ मोठा.

आता नागपूरचं ऊन. बाहेर २५ असो की ४५, कूलंटचं तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो. तो साधारण ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान उघडायला लागतो, आणि रेडिएटर, फॅन धड असतील तर इंजिन आपल्या तापमानाला राहतं. बाहेरचे २० अंश वाढले म्हणून ऑइलचे २० वाढत नाहीत. ऑइल तापवतात लोड, वेग, टर्बो, आणि कचरा साचून चोंदलेला रेडिएटर. मे महिन्यात काळजी करायचीच असेल तर आधी कूलंटची पातळी आणि रेडिएटरच्या जाळ्या बघा.

आणखी एक. ४० अंशांवर २०डब्ल्यू-५० साधारण १६० सेंटीस्टोकच्या पुढेमागे असतं, ०डब्ल्यू-२० असतं ४५च्या आसपास. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी पार्किंगमधून गाडी काढली तरी सुरुवातीची काही मिनिटं २०डब्ल्यू-५० तिप्पट-साडेतिप्पट घट्ट. आपल्याला वाटतं ऊन आहे, इंजिन गरमच आहे. ऑइलच्या दृष्टीने ४० अंश म्हणजे थंडगार. घट्ट ऑइलने फिल्टरचा बायपास व्हॉल्व्ह उघडला तर न गाळलेलं ऑइल थेट पुढे जातं, ते वेगळंच.

बुलेटराजा

माझ्या बुलेटला कोणतं एचटीएचएस घालू?

गॅरेजवाले_काका

भावा, बाईकचा धागा वेगळा काढ. तुझा क्लच ऑइलमध्ये बुडलेला असतो. कारचं घर्षण कमी करणारं ऑइल घातलंस तर क्लच घसरंल. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ बघून घे, इथं गोंधळ नको.

विदर्भी_वारा

नट_बोल्ट भाऊ, मानलं. पण एकाच कंपनीची दोन ५डब्ल्यू-३० एवढी वेगळी कशी? बनवणारा तोच, ग्रेड तीच.

नट_बोल्ट

मल्टिग्रेड ऑइलमध्ये पॉलिमर घालतात, व्हिस्कॉसिटी इंडेक्स इम्प्रूव्हर म्हणतात त्याला. हे लांबलचक रेणू थंडीत आकसतात, गरमीत पसरतात, त्यामुळे गरम झाल्यावर ऑइल जितकं पातळ व्हायला हवं तितकं होत नाही. काचेच्या नळीत हे छान दिसतं. पण दहा लाखांच्या शिअरमध्ये हेच लांब रेणू प्रवाहाच्या दिशेने सरळ होऊन झोपतात आणि विरोध कमी करतात. शिअर थांबला की पुन्हा पूर्ववत. म्हणून १०० अंशांचा आकडा दोन्ही ऑइलचा सारखा असला तरी ज्यात बेस ऑइल जाडसर आणि पॉलिमर कमी, त्याचा एचटीएचएस वरचा. त्याच कारणाने १०डब्ल्यू-३०चा आकडा बऱ्याचदा ५डब्ल्यू-३०पेक्षा बरा निघतो. आधीचा आकडा जवळ आणला की पॉलिमर कमी लागतं.

दुसरा तोटा कायमचा. हेच रेणू पंपात, चेनखाली, रिंगांजवळ तुटतात. तुटलेले परत जुळत नाहीत. ऑइल बदलायच्या वेळेला ते नव्यापेक्षा पातळ झालेलं असू शकतं. एसीईएमध्ये यासाठी चाचणी आहे: ऑइल डिझेलच्या इंजेक्टरमधून ३० वेळा दाबून काढतात आणि नंतर पुन्हा मोजतात. ए३/बी४ला त्यानंतरही आपल्या ग्रेडमध्येच राहावं लागतं.

आणि पेट्रोल डायल्यूशन आहेच. घर ते ऑफिस दोन-तीन किलोमीटर, इंजिन नीट गरम होण्याआधीच बंद, की न जळलेलं पेट्रोल रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये हे जास्त. डब्यातला ३.० इंजिनात २.७ झाला तर आश्चर्य नको.

श्टुटगार्टकर

इथे जर्मनीत हा विषय घराघरात असतो म्हटलं तरी चालेल. सुपरमार्केटमध्ये लोक डब्याची मागची बाजू वाचत उभे असतात. पुढच्या बाजूचं ५डब्ल्यू-३० कुणी फारसं मनावर घेत नाही, मागे एसीईए आणि गाडी कंपनीचं अप्रूव्हल काय ते बघतात. कारण एचटीएचएस तिथून कळतो, आकडा छापलेला नसला तरी.

ए३/बी४ असेल तर किमान ३.५. सी३ असेल तरी किमान ३.५. ए५/बी५ म्हणजे २.९ ते ३.५च्या मध्ये. सी२ किमान २.९. सी५ आणि सी६ म्हणजे २.६ ते २.९. सी गटातली ऑइल डीपीएफसारख्या (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) धूर साफ करणाऱ्या यंत्रणेसाठी, राख कमी करणारी.

फोक्सवॅगनचं ५०२ ०० किंवा ५०४ ०० असेल तर ३.५च्या वरचं. ५०८ ०० म्हणजे ०डब्ल्यू-२०, २.६च्या वर, आणि ते ऑइल मुद्दाम हिरव्या रंगाचं करतात म्हणजे चुकून जुन्या गाडीत पडू नये. ज्या इंजिनाला ५०२ किंवा ५०४ सांगितलंय त्यात हे हिरवं घालायचं नाही, तशी परवानगीच नाही.

ऑटोबानवर तासभर १८० ठेवणाऱ्या माणसाला ३.५ का हवा असतो ते नट_बोल्टच्या हिशोबातून कळेल. तिथे ऑइल खरंच १३०च्या पुढे जातं.

इंदुमती_क

एक डबा पाहिलाय मी, त्यावर ए३/बी४ आणि ए५/बी५ दोन्ही लिहिलेलं होतं. मग त्याचा एचटीएचएस किती धरायचा?

श्टुटगार्टकर

ए३ला किमान ३.५ आणि ए५ला कमाल ३.५. दोन्ही खरं असेल तर आकडा बरोबर ३.५वरच बसायला हवा, अगदी दोरीवर. असा डबा दिसला की मी कंपनीच्या साइटवरून टेक्निकल डेटा शीट काढतो. सी२ आणि सी३ एकत्र लिहिलेलं मात्र सर्रास असतं आणि त्यात काही वावगं नाही, कारण सी२ला वरची मर्यादा नाही.

सह्याद्री_एक्सप्रेस

नट_बोल्ट, मी आठवड्याला घाट करतो, कधी करूळ, कधी आंबोली. पाच माणसं, एसी, डिकीत सामान. ०डब्ल्यू-२० आहे. ॲव्हरेज राखायला मी शक्यतो वरच्या गिअरमध्येच चढवतो, आरपीएम कमी तर इंजिनावर ताण कमी, बरोबर ना?

नट_बोल्ट

नाही हो, नेमकं उलट. हा मुद्दा ग्रेडपेक्षा महत्त्वाचा आहे.

बेअरिंगमधला ऑइलचा थर किती जाड बसेल ते तीन गोष्टींवर: ऑइलचा घट्टपणा, फिरण्याचा वेग, आणि वरून येणारा दाब. घट्टपणा आणि वेग वाढला की थर जाड, दाब वाढला की पातळ. करूळच्या वळणावर चौथ्या गिअरमध्ये १४०० आरपीएमला ॲक्सिलरेटर तळाला दाबलात की वेग सगळ्यात कमी आणि सिलेंडरमधला दाब सगळ्यात जास्त. थर सगळ्यात पातळ तिथेच. इंजिन 'घूं घूं' करून कुरकुरतं ते ऐकू येतंच. दुसऱ्यात टाकून २८०० ला चढवा. वेग दुप्पट, आणि तेवढ्याच चढाला टॉर्क निम्मा लागतो. नुसत्या गिअरने थर जितका वाढतो तितका २.६ वरून ३.५ वर जाऊनसुद्धा वाढत नाही, कारण तो फरक साधारण ३५ टक्क्यांचा आहे.

टर्बो डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल असेल तर अशा कमी आरपीएमच्या पूर्ण लोडला लो स्पीड प्री-इग्निशनची (ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटण्याची) भीती आणखी. एपीआय एसपीमध्ये त्याची चाचणी आहे, म्हणून तसल्या गाड्यांत जुनं एसएन दर्जाचं स्वस्त ऑइल नको.

सह्याद्री_एक्सप्रेस

हे कुणीच सांगितलं नव्हतं. सर्व्हिस ॲडव्हायझर तर 'लो आरपीएम ठेवा सर' म्हणून पाठवतो.

नट_बोल्ट

सपाट रस्त्याला त्यांचं म्हणणं ठीक आहे. घाटात नाही.

शंकासुर

आता माझा खरा प्रश्न. घट्ट ऑइल जास्त लोडला चांगलं असं तुम्हीच म्हणताय. मग कंपन्या इतकं पातळ का सुचवतात? इंजिनाची काळजी की सरकारी नियमांची? इंजिन दहा वर्षांत गेलं तर त्यांचं काय जातंय.

नट_बोल्ट

दोन्ही आहे, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. आपल्याकडे कॅफे नियम (गाड्यांच्या इंधन-वापरावरचे सरकारी नियम) २०१७-१८पासून लागू झाले, कंपनीच्या सगळ्या गाड्यांची सरासरी किलोमीटरला १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. २०२२-२३पासून ११३ ग्रॅम. प्रत्येक ग्रॅमसाठी भांडावं लागतं, आणि ऑइल पातळ केल्याने एखाद-दोन टक्के सुटत असतील तर कुणीही घेईल. आपल्या प्रमाणपत्राच्या चाचणीत, एमआयडीसी सायकलमध्ये, सर्वाधिक वेग ताशी ९० आणि सुरुवात थंड इंजिनाने. तिथे पातळ ऑइलचा फायदा जास्तच दिसतो. एसएईनेही २०१३मध्ये १६ ग्रेड आणली, २०१५मध्ये १२ आणि ८.

पण मोकळं सोडून दिलंय असंही नाही. २० ग्रेडवर काढलेल्या इंजिनात बेअरिंगची रुंदी, फटी, पृष्ठभागाची चकाकी, ऑइल पंपची क्षमता, सगळं त्या २.६ साठी बसवलेलं असतं. त्याच ऑइलवर पूर्ण लोडला शेकडो तास टेस्ट बेडवर इंजिन चालवतात, ते मी रोज बघतो. ३.५ साठी काढलेल्या जुन्या इंजिनात २.६ घालणं धोक्याचं. २.६ साठी काढलेल्यात ३.५ घातलं तर मुख्य नुकसान ॲव्हरेजचं.

टोयोटाच्या अमेरिकेतल्या मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० सांगून झाल्यावर खाली असंही म्हटलेलं असतं की फार वेगात किंवा फार लोडखाली गाडी वापरत असाल तर जास्त व्हिस्कॉसिटीचं ऑइल अधिक योग्य ठरू शकतं. तेव्हा मॅन्युअल वाचायचं ते अख्खं वाचावं.

शंकासुर

हे पटलं. 'धागा संपला' मागे घेतो.

विदर्भी_वारा

माझं सांगा आता. शहरात रोजची दहा-बारा किलोमीटरची ये-जा, उन्हाळ्यात समृद्धीवरून मुंबई, सगळे सोबत. कोणता डबा?

नट_बोल्ट

शहरासाठी ०डब्ल्यू-२० चालू ठेवलं तरी माझी हरकत नाही. पण समृद्धीवर ७०० किलोमीटर, ११०-१२०च्या वेगाने, मे महिन्यात, पूर्ण भरलेली गाडी, ही सलग लोडची केस आहे. मॅन्युअल ५डब्ल्यू-३०ला हो म्हणतंय, तर मी तेच घालेन. दोन डब्यांतला आयएलसॅक जीएफ-६एवाला २.९ ते ३.२च्या दरम्यान कुठेतरी असेल, कारण तो ॲव्हरेज वाचवायलाच बनवलाय. तुमच्या इंजिनाला तो पुरेसा आहे, टर्बो नाही. ए३/बी४वाला ३.५च्या वर. टर्बो असता, किंवा १ लाख किलोमीटर होऊन इंजिन ऑइल खायला लागलं असतं, तर तो घ्या म्हटलं असतं. शिवाय ए३/बी४मध्ये ऑइल उडण्याचं प्रमाणही १३ टक्क्यांच्या आत असावं लागतं, आयएलसॅकमध्ये १५ चालतं. ऑइल खाणाऱ्या इंजिनाला तेवढाच फरक.

२०डब्ल्यू-५० मात्र नको. मिस्त्रीचा मान ठेवून नको म्हणा.

गॅरेजवाले_काका

आणि ऑइल स्वतः दुकानातून घेऊन जावा, सील तुमच्या समोर फोडायला सांगा. रिकामा डबा घरी आणा किंवा खिळा मारून टाका. जुन्या डब्यात भरून विकलेल्या नकली ऑइलचं दुखणं एचटीएचएसपेक्षा मोठं आहे. तिथं मागं काय लिहिलंय ते वाचून उपयोग नाही.

घरची_डिझेलवाली

थोडं वेगळं विचारते. आमची बीएस६ डिझेल एसयूव्ही आहे, डीपीएफवाली. ऑइल सी३ ५डब्ल्यू-३०, म्हणजे ३.५च्या वर, हे आता कळलं. पण डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय. 'मॅक्स'च्या खुणेच्या वर गेलंय. सर्व्हिस सेंटरला विचारलं तर 'जास्त आहे म्हणजे चांगलंच मॅडम' म्हणाले.

नट_बोल्ट

ताई, ते चांगलं नाही. डीपीएफमधली काजळी जाळायला गाडी मध्येच जास्तीचं डिझेल उशिरा फवारते, म्हणजे एक्झॉस्ट तापतो. पुष्कळ गाड्यांत हे फवारणं सिलेंडरमध्येच होतं. शहरात लहान फेऱ्या असतील तर ही प्रक्रिया अर्धवट तुटते, पुन्हा सुरू होते, आणि ते डिझेल सिलेंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. पेट्रोल निदान गरम ऑइलमधून बरंचसं उडून जातं, डिझेल सहजासहजी उडत नाही. त्यामुळे डब्यावर सी३ असलं तरी तुमच्या संपमधलं ऑइल आता ३.५ राहिलेलं नसणार. शिवाय पातळी फार वर गेली तर क्रँकशाफ्ट ऑइल घुसळतो, फेस होतो, आणि ब्रीदरमधून ऑइल इनटेकमध्ये ओढलं गेलं तर डिझेल इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळू शकतं.

डिपस्टिक पुसून सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी पुन्हा बघा. वास घ्या, डिझेलचा कळतो. पातळी खरंच 'मॅक्स'च्या वर असेल तर सर्व्हिसच्या किलोमीटरची वाट न बघता ऑइल आणि फिल्टर बदला, आणि डीपीएफचं रिजनरेशन (काजळी जाळणं) किती वेळा होतंय ते स्कॅनरवर बघायला सांगा.

घरची_डिझेलवाली

वास येतोय. उद्याच नेते गाडी. जॉब कार्डवर 'पातळी मॅक्सच्या वर' असं लिहून घेऊ का?

गॅरेजवाले_काका

घ्याच. आणि जुनं ऑइल खाली काढताना किती लिटर निघालं ते मापून लिहायला सांगा. मॅन्युअलमध्ये क्षमता दिलेली असते, वरचं सगळं डिझेल.